झरीमायच्या कुंडातलं बदक

रोहणा, ता. आर्वी
१० जानेवारी २०२५

चि. नानाजी यास अनुसयाबाईचे अ. उ. आ.

मी खुशाल आहे, गुडघे सोडून. तू, रीता अन् लेकरं, भूपेंद्र अन् रुचिका, बरे असाल. रीता मले दर वेळेस म्हणते, ताई फोन करत जा. पण फोनवर आपण दोघं भाऊबहीण एकमेकाले बोलू देत नाई, अन् मंग कोणीतरी रागानं ठेवून देते. पत्रात समोरच्याले शेवटपर्यंत ऐकावंच लागते. म्हणून लिहून राह्यली. पूर्ण वाचजो.

गोष्ट आपल्या झरीमायची आहे. तू कैक वर्षांत टेकडीवर आला नाई, तं तुले तिथली दशा मालूम नाई. मंगळवारी मी अन् शेजारची धुरपता दर्शनाले गेलतो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनं दुकानं. मोबाईलचे कव्हर, काळे चष्मे, एक जण तं प्रेशर कुकरचे रबर विकून राह्यला. देवळामागं परिक्रमेची वाट होती, तिथं धनंजय नावाच्या माणसानं नूडल्सची गाडी लावली. बाजूनं निघाले बोटभर जागा नाई. धुरपता म्हणे परिक्रमा अर्धी सोडता येत नाई. मंग काय करतो, देवळाबरोबर गाडीलेही फेऱ्या घातल्या. दुसऱ्या फेरीपासून धनंजय कढईवर झारा वाजवू लागला. बिचाऱ्याले वाटलं, घंटा कमी पडून राह्यली.

देवळाच्या दारावर मनोहररावाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स टांगलं आहे. मनोहरराव म्हणजे टेकडीच्या कमेटीचे अध्यक्ष. फ्लेक्स इतकं मोठं की माय दिसतच नाई. पुलगावकडून आलेली एक नवी सून, पदर घेऊन, डोळे मिटून आली अन् फ्लेक्सवरच्या मनोहररावाले कुंकू लावून गेली. मनोहरराव बाजूलेच उभे होते. त्यायनं हात वर करून आशीर्वाद दिला.

इथपर्यंत हसशीन. पुढचं हसण्यासारखं नाई. दिवाळीत गोमुखाच्या वरच्या अंगाले तिकीटघरासाठी सिमेंटचा ओटा बांधला, अन् तेव्हापासून गोमुखातून कुंडात झऱ्याचा थेंब नाई. कमेटी म्हणते पाऊस कमी झाला. यंदा आमच्या वावरातली मेथी पावसानं सडली, अन् हे म्हणते कमी झाला. कुंडात जुनं साचलेलं पाणी, त्यात नारळ, चुनऱ्या, प्लास्टिकच्या पन्न्या अन् हिरवं शेवाळ. पुजारी बाजारातून बाटलीचं पाणी आणून मायले आंघोळ घालून राह्यले. इकडे लेकरू झालं की पहिलं पाणी गोमुखाचं पाजतो आपण. तुले पाजलं, मले पाजलं. धुरपताची नात, रंजिताची पोरगी, दोन महिन्यांची झाली. तिच्यासाठी लोटा घेऊन धुरपता तीनदा गेली, तीनदा कोरडा लोटा घेऊन आली. मले ते पाहावलं नाई.

अन् आता कुंडावर ट्रकातून दोन बदकं उतरली. प्लास्टिकची, पिवळी, माणसाएवढी. पोटात बसून पायानं चालवाची नाव म्हणते. मायच्या कुंडात! ठेकेदार कोणीतरी सिंदीचा आहे. तू सिंदीत दुकान घालून बसला आहे, तं कोण आहे ते शोधून कळवजो. त्याचे कान मी स्वतः धरते.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवू नको. तुले साखर आहे.

तुही ताई,
अनुसया


सिंदी (रेल्वे)
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस नानाजीचा सा. न. वि. वि.

पत्र पावले. शेवटपर्यंत वाचले. रीताने परीक्षा घेतल्यासारखे दोनदा विचारले, म्हणून सांगतो.

ठेकेदाराची चौकशी केली. सिंदी आता लहान गाव राहिले नाही. इथे ठेकेदार पुष्कळ. कोणत्या ठेकेदाराने कुठे काय उतरवले हे किराणा दुकानात बसून कसे कळणार? तुरीची डाळ घ्यायला येणारा माणूस बदकाविषयी बोलत नाही.

पण ताई, शांतपणे विचार कर. बदकाच्या नावेत एवढे वाईट काय? ती मजबूत असते. एकीत चार जण आरामात बसतात. उन्हाने रंग जात नाही, हात धरायला कडी असते, आणि मान काढून धुता येते. असे ऐकून आहे. चार माणसे टेकडीवर आली तर मायचे नावच होईल. तू गुडघे सांभाळ. या वयात कोणाचे कान धरण्याच्या भानगडीत पडू नकोस. विशेषतः चौकशी केल्याशिवाय.

भूपेंद्र कामात असतो. कोणत्या ते विचारलेस तर मला नीट सांगता येणार नाही. रुचिका बारावीचा अभ्यास करते असे म्हणते, आम्ही मानतो. गुडघ्यासाठी तेल पाठवतो आहे, ते डाळीच्या फोडणीत घालू नकोस, मागच्या वेळेसारखे.

धाकट्यावर राग धरू नये, एवढीच मागणी.

तुझा,
नानाजी


रोहणा
२८ जानेवारी २०२५

चि. नानाजी यास अ. उ. आ.

तेल पोचलं. बदकाची मान काढून धुता येते हे मी धुरपताले दोनदा वाचून दाखवलं. किराणावाल्याले एवढं कसं मालूम?

मागच्या सोमवारी टेकडीवर गेली. कुंडाच्या काठावर एक जण टेप घेऊन मोजून राह्यला होता. मले पाह्यलं अन् धनंजयच्या गाडीमागं बसला. गाडी लहान, माणूस मोठा. चेहरा लपला, पण दोन्ही कान बाहेर राह्यले. नानाजी, आपल्या घराण्याचे कान अख्ख्या वर्धा जिल्ह्यात लपत नाई. मी म्हटलं, भूपेंद्र, बाहेर ये. तो तसाच वाकून म्हणे, आत्याबाई, मी नूडल्स घ्याले आलो. धनंजय म्हणे, गाडी आज बंद आहे.

म्हणजे प्लास्टिकच्या बादल्या विकता विकता माह्याच भाच्यानं मायचं कुंड ठेक्यानं घेतलं, अन् माह्याच भावानं मले बदकाचं गुणगान लिहून पाठवलं. कान धरले नाई, हे सांगून ठेवते. पोरगं एवढं दचकलं होतं की हात उचलला नाई.

पण गप्प बसली नाई. आमच्या भजनी मंडळाच्या आठ-दहा बाया मंगळवारी वर गेलो अन् काठावरच्या बदकांमध्ये बसून दुपारभर भजनं म्हटली. कोणाले नाव पाण्यात ढकलता आली नाई. आतली सीट चांगली आहे, पाठीले टेका मिळते. हे मात्र खरं लिहिलंतं तू.

एक चूक झाली. धुरपताले नवी गाडी दिसली की कुंकू लावाची सवय. तिच्या घरच्या ट्रॅक्टरले लावलं, कूलरलेही लावलं. उठता उठता तिनं एका बदकाले लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं नारळ होता.

तुह्यावर रागावली आहे. तरी जेवण वेळेवर घेजो.

अनुसया


सिंदी (रेल्वे)
५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाई यांना भूपेंद्रचा शि. सा. नमस्कार.

पत्रास कारण की, कुंडावरील नौकाविहार प्रकल्पाबाबत आपला गैरसमज झालेला दिसतो. प्रकल्पाला कमेटीची रीतसर मंजुरी आहे. भाविकांना दर्शनासोबत आनंद मिळावा हा हेतू. सुरक्षा जाकिटे भगव्या रंगाची मागवली आहेत. नावेत चप्पल घालून बसता येणार नाही. धार्मिक भावनांचा आणखी किती विचार करायचा, आपणच सांगा.

अडचण अशी की दोनपैकी एक बदक आता माझ्या हातात राहिलेले नाही. त्याला लोक बदकमाय म्हणू लागले आहेत. त्याच्या मानेत हिरव्या बांगड्या बांधल्या आहेत. चोचीत पेढा ठेवतात. परवा मी ते हलवायला गेलो तर सपना नावाच्या बाईंनी मला आधी हातपाय धुऊन यायला सांगितले. मी म्हटले हे प्लास्टिक आहे, मी स्वतः विकत आणले आहे. तर त्या म्हणाल्या, मूर्तीही विकतच आणतात. मी हातपाय धुवायला गेलो.

आपण वडीलधाऱ्या आहात. आपण लोकांना समजावून सांगा की हे बदक आहे.

माघी पौर्णिमेला, १२ तारखेला, उरलेल्या बदकाने मा. मनोहररावांच्या हस्ते उद्घाटन आहे. मी स्वतः त्यांच्यासोबत बसणार आहे. बाबा दुकानाच्या गर्दीचे कारण सांगून येत नाहीत. आपण आलात तर मला बरे वाटेल. खरे म्हणजे धाकधूक आहे.

लहानपणी आपण मला वांग्याच्या भाजीतली वांगी काढून रस्सा वाढायचात, तेवढी माया शिल्लक ठेवावी.

आपला भाचा,
भूपेंद्र


रोहणा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. नानाजी यास अ. उ. आ.

भूपेंद्र सुखरूप आहे, हे आधी लिहिते, मंग बाकीचं.

पौर्णिमेले टेकडीवर जत्रेसारखी गर्दी. बॅन्ड होता. मनोहरराव पांढऱ्या कपड्यात. बदकाच्या चोचीवर नारळ फोडला, तो चोचीवरून उडून बॅन्डवाल्याच्या ढोलावर पडला. मंग मनोहरराव अन् भूपेंद्र भगवे जाकीट घालून पोटात बसले अन् बदक निघालं. खरं सांगते, पहिले दोन-चार हात असं डौलात गेलं की माह्याही हातून टाळी वाजली.

कुंडाच्या मधात जाऊन थांबलं. पायाखालचे पायटे फिरेनात. मनोहरराव म्हणे पुढं मार, भूपेंद्र म्हणे मागं मारा. दोघायनं आपापलं मारलं अन् बदक जागीच गरगर फिरू लागलं. लोकायले वाटलं हाच कार्यक्रम आहे. बॅन्डवाल्यायनं चाल वाढवली. मनोहररावाले चक्कर आली, तं त्यायनं डोळे मिटून भाषण सुरू केलं. कुंडात उतरून ओढाले कोणी तयार नाई, एवढी घाण. बॅन्डवाले जेवाले गेले.

शेवटी भूपेंद्रच उतरला. छातीपर्यंत शेवाळात. बदकाच्या पोटाखाली हात घालून त्यानं पायट्यात अडकलेलं ओढून काढलं अन् काठावर फेकत गेला. चुनऱ्या, हाराचे दोरे, अन् पन्न्याच पन्न्या. एक पन्नी माह्या पायाशी पडली. पदरानं पुसली तं त्यावर नाव: भूपेंद्र प्लास्टिक, बाजार चौक, सिंदी (रेल्वे). दुसरी पाह्यली, तेच. टेकडीवरच्या साऱ्या दुकानांत माल त्याचाच, मंग कुंडातही त्याचाच.

तो काठाशी आला. मी पन्नी त्याच्यापुढं धरली. म्हटलं, "भूपेंद्र, हे तुह्यं नाव मायच्या कुंडात काऊन पडून आहे?"

त्यानं वाचलं. दुसरी उचलून वाचली. मले वाटलं होतं आज त्याले चांगलं ऐकवीन, पण पदरानं त्याचं कपाळ पुसत राह्यली. तुह्यं पोरगं, नखशिखांत चिखलानं माखलेलं, अन् डोळे भरलेले. डोळ्यात चिखल गेला, असं मीच लोकायले सांगतलं.

मनोहरराव बदकातच राह्यले. चिखलात पाय टाकाले तयार नाई, अन् एकट्यानं पायटे मारता येत नाई. दिवस कलल्यावर बदकाच्या मानेले दोर बांधून बायांनी ओढलं. त्यायची बायको सीताबाई काठावर उभी होती. ती म्हणे, फ्लेक्सवर तुमाले कुंकू लावून राह्यले, आता कुंडातही मुक्काम झाला, तं जेवणही भक्तच आणतीन. चूल पेटली नाई म्हणते घरी. सकाळी फ्लेक्स उतरलं.

मायचा चेहरा उंबरठ्यावरून दिसला, नानाजी. किती दिवसांनी. पण गोमुख कोरडंच आहे.

पोराले रागावू नको. माह्या वाटचंही रागावू नको.

अनुसया


सिंदी (रेल्वे)
२१ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावलो नाही. रागावण्यासारखा तो उरलाच नव्हता. दोन दिवस दुकानात बसून नुसता पन्न्यांच्या गठ्ठ्याकडे पाहत होता. गिऱ्हाईकाने पन्नी मागितली की विचारायचा, फेकणार कुठे? एक बाई घाबरून सामान पदरात घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी त्याने गठ्ठे उचलून ज्या व्यापाऱ्याकडून आणले त्याला परत नेले. रुचिका म्हणाली, दादा, बदक नापास झालं का? तो हसला, तेव्हा रीताच्या जिवात जीव आला.

मला आधीपासून माहीत होते, हे तुला कळलेच आहे. त्याने बदकाचे छापील पुस्तक दाखवले होते आणि मला ते फार आवडले होते. झाले. पुढे लिहीत नाही.

आता एक विचारतो. समज मीच विचारतो आहे. कुंड साफ करायचे तर काय काय लागते? आधी पाणी उपसायचे की गाळ काढायचा? दर रविवारी कोणी आले तर तुझ्या घरी भाकर मिळेल का? आणि येणाऱ्याचे कान सुरक्षित राहतील का? स्वतः विचारायला तो धजत नाही. हे मी त्याच्या नावाने लिहीत नाही, लक्षात घे.

उत्तर लवकर धाड, तो रोज पोस्टमनची वाट पाहतो.

तुझा,
नानाजी


रोहणा
२४ मार्च २०२५

चि. नानाजी यास अ. उ. आ.

माह्या उत्तरानंतर दर रविवारी जो कोणी येऊन राह्यला, त्यानं काल भाकरी किती खाल्ल्या ते लिहित नाई, दृष्ट लागंन.

पहिल्या रविवारी तो एकटाच होता. आम्ही बाया काठावर बसून त्याले चुका सांगत होतो. मंग धनंजय उतरला. त्यानं आपली गाडीही खाली सडकेवर नेली, पण नाराज आहे. परिक्रमेच्या बायायची गिऱ्हाइकी चांगली होती म्हणते. कव्हरवाले अन् कुकरचे रबरवाला खाली गेले. चष्मेवाला अजून हटला नाई, त्याच्याशी माह्यं भांडण चालू आहे. बदकमायले अंगणवाडीत नेऊन ठेवलं. पोट्टे तिच्या पोटात बसून खिचडी खाते. एक म्हातारी तिथंही हात जोडाले जाते, तिलेही ते खिचडी देते.

काल कुंडाचा तळ लागला. खालचा दगड पाह्यला, असा काळाभोर, घडीव. पण गोमुख कोरडं. भूपेंद्र गोमुखाखाली उभा राहून कितीक वेळ वर पाहत होता. मंग वर चढला, अन् तिकीटघराच्या ओट्यावर लोखंडी सब्बल मारली. ओटा त्यानंच बांधून घेतलता. मनोहरराव धावत आले, म्हणे कमेटीची मंजुरी लागंन. भूपेंद्र म्हणे बांधाले तोंडी मिळालती, तोडाची पण तोंडीच द्या. त्यायनं इकडे तिकडे पाह्यलं. सीताबाई पाहून राह्यली होती. दिली.

ओट्याखाली दगडाचा जुना पाट निघाला, झऱ्याकडून गोमुखाकडे येणारा. त्यात सिमेंट भरलेलं. मजूर लोकायनं उरलेला माल तिथंच लोटून देलता. भूपेंद्रनं छिन्नीनं, मंग हातानं ते काढलं. बोटं सोलली. पाणी आलं नाई. ऊन चढलं तं आम्ही सारे लिंबाखाली जेवाले बसलो. मी त्याले हाक मारली. तो म्हणे, तुमी बसा आत्याबाई. अन् खाली उतरून गोमुखाच्या आतला गाळ काढत राह्यला.

भरीत वाढून राह्यली होती, तं धुरपतानं माह्या हाताले धरलं. आवाज आला. लहान लेकरू दूध पिताना घशात करते ना, तसा. आधी लाल गढूळ आलं, मंग पांढुरकं, मंग निवळ. सरळ भूपेंद्रच्या डोक्यावर. तो सरकला नाई. डोळे मिटून तसाच उभा. आम्ही हातातला घास घेऊन काठावर आलो.

पहिला लोटा त्यानंच भरला अन् वर येऊन धुरपताच्या हाती देला. म्हणे, "रंजिताच्या पोरीसाठी." धुरपता एरवी रस्त्यानं जाणाऱ्याशीही बोलते. काल मात्र लोटा पदराखाली धरून एकटीच उतरून गेली, चप्पल विसरून.

दुपार कलली तं तो तसाच ओला मोटरसायकलवर निघाला. घरी कसा पोचला, सर्दी झाली का, ते कळवजो. अन् चैत्री पौर्णिमेले तू येजो. बहाणा चालणार नाई.

तुही,
अनुसया


सिंदी (रेल्वे)
२९ मार्च २०२५

ती. ताईस नानाजीचा सा. न. वि. वि.

चैत्री पौर्णिमेला येतो. रीता, रुचिकाही येतात. दुकान त्या दिवशी बंद ठेवणार आहे, तशी पाटी आजच लावली, म्हणजे मलाच मागे फिरता येणार नाही. चष्मेवाल्याशी माझ्या येण्यापर्यंत भांडण चालू ठेव. दोघे मिळून भांडू.

सर्दी झाली नाही. भूपेंद्र दिवेलागणीला पोचला. केसात शेवाळ, कानात गाळ, कपडे अंगावरच वाळून कडक झालेले. आपल्या घराण्याचे कान असल्यामुळे गाळही पुष्कळ मावला होता. रुचिकाने नाक धरले. रीताने दारातच थांबवले आणि मोठे पातेले गॅसवर चढवले. साबण, टॉवेल, धुतलेले कपडे, सगळे न्हाणीत नेऊन ठेवले. पाणी चांगले कढत झाले तरी हा ओसरीच्या पायरीवरून उठेना. रीताने दोनदा हाक मारली. मग मी बाहेर आलो आणि म्हटले, पाणी उकळून राहिले आहे, उठ.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, "आज नको बाबा. माझी आंघोळ झाली."

रीता काहीतरी बोलणार होती. मी तिला खूण केली. तिने गॅस बंद केला आणि त्याचे ताट तिथे पायरीवरच आणून दिले. ताई, त्याला ओल्या मातीचा वास येत होता. मी माझेही ताट तिथेच मागवले आणि त्याच्या शेजारी बसून जेवलो.

आशीर्वाद दोघांना निम्मा निम्मा पाठव.

तुझा,
नानाजी